विष्णुपुरीला शेवटीच का जायचं?

"डॉक्टरसाहेब, कुठंही लिहून द्या, फक्त विष्णुपुरी नको." पेशंटला पुढे पाठवायची चिठ्ठी लिहायला घेतली की नातेवाईकांचं हे वाक्य ठरलेलं. लातूरकडचे लोक विष्णुपुरीऐवजी 'सरकारी' म्हणतात, एवढाच फरक. कारण विचारलं तर उत्तरही ठरलेलं, "तिथं नेलेला माणूस परत येत नाही म्हणतात." यातले बरेच जण चार-आठ दिवसांनी, खाजगीत पैसे संपले की, नाइलाजानं तिथंच पोहोचतात. तोवर आजार कितीतरी पुढे गेलेला असतो. मग माणूस खरंच परत येत नाही, आणि गावात ते वाक्य आणखी पक्कं होतं.

आजचा लेख या वाक्याबद्दल आहे. मी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची वकिली करायला बसलेलो नाही. तिथल्या उणिवा मला तुमच्याइतक्याच दिसतात, डॉक्टर असल्यामुळे कदाचित थोड्या जास्तच. पण आपण या दवाखान्यांचा वापर उलटा करतो असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या आजारांत तिथं सगळ्यात आधी जायला हवं, त्यात आपण सगळ्यात शेवटी जातो. आणि सरकारलाही त्यांची आठवण तशीच, सगळं हाताबाहेर गेल्यावर येते.

ते दोन दिवस

नांदेडचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ चं. त्याचं रुग्णालय पूर्वी शहरात वजिराबादला होतं, नंतर गोदावरीच्या पलीकडे विष्णुपुरीला गेलं. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ च्या दरम्यान इथं चोवीस तासांत २४ पेशंट दगावले, त्यातली १२ नवजात बाळं होती. पुढच्या दिवसात आणखी मृत्यू झाले आणि आकडा ३१ वर गेला, त्यात १६ मुलं होती. त्याआधी दीड-दोन महिनेच, ऑगस्टमध्ये, ठाणे महापालिकेच्या कळव्याच्या रुग्णालयात चोवीस तासांत १८ मृत्यू झाले होते. त्यामुळे सगळ्या देशाचं लक्ष नांदेडकडे गेलं. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली.

३ ऑक्टोबरला हिंगोलीचे तेव्हाचे खासदार रुग्णालयात आले आणि त्यांनी अधिष्ठात्यांच्या, म्हणजे डीनच्या हातात झाडू देऊन शौचालय साफ करायला लावलं. तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. त्या प्रकरणात खासदारांवर गुन्हा नोंदला गेला आणि मृत्यूंच्या प्रकरणात अधिष्ठात्यांवरही. माझ्या ओळखीतल्या अनेकांना तो झाडूचा व्हिडिओ पाहून बरं वाटलं होतं. शौचालय घाण होतं यात शंका नाही, आणि पेशंटनं ते सहन का करावं? पण सफाईच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या ठेवायच्या, कंत्राटाची बिलं अडवायची, आणि मग एका प्राध्यापकाच्या हातात झाडू द्यायचा, यातून वॉर्डात एक सलाईनसुद्धा वाढलं नाही. शौचालय त्या दिवशी साफ झालं. दुसऱ्या दिवशी कोण करणार होतं?

त्या वेळी रुग्णालयाकडून जी कारणं सांगितली गेली ती अशी: बाळं काही दिवसांची आणि फार कमी वजनाची होती, मोठ्या माणसांत सर्पदंश, विषबाधा असे पेशंट होते, बरेच जण शेवटच्या अवस्थेत दुसरीकडून आले होते. लोकांना ही पळवाट वाटली. मला ती अर्धी खरी वाटते. कॅलेंडर काढून बघा. गुरुवारी २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी, शुक्रवारी ईदची सुट्टी, मग शनिवार-रविवार आणि सोमवारी गांधी जयंती. सलग पाच दिवस. अशा वेळी तालुक्याच्या गावात खाजगी दवाखाने अर्धे बंद असतात, ग्रामीण रुग्णालयात एखादाच डॉक्टर असतो आणि सगळ्यांच्या चिठ्ठ्यांवर एकच नाव लिहिलं जातं. मंजूर खाटा पाचशेच्या आसपास, दाखल पेशंट त्याहून कितीतरी जास्त. किनवट-माहूरकडून यायचं तर शंभराच्या वर किलोमीटर होतात. हिंगोली आणि परभणीतून लोक येतात, यवतमाळच्या उमरखेड भागातून येतात, तेलंगणातूनही येतात.

आता एक साधं गणित सांगतो, कारण ते कुणी सांगत नाही. खाजगी दवाखान्यात पेशंट अत्यवस्थ झाला की बऱ्याचदा नातेवाईकांची सही घेऊन त्याला सोडतात. याला आम्ही 'डामा' म्हणतो, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेलं असा कागद. सल्ला खरंच विरुद्ध होता की "आता सरकारीत न्या" असाच होता, ते कागदावर येत नाही. त्या दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये मृत्यू शून्य. दोन तासांनी तोच पेशंट विष्णुपुरीत किंवा लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत दगावतो आणि मृत्यू तिथल्या रजिस्टरमध्ये लागतो. जे रुग्णालय कुणालाच परत पाठवू शकत नाही, त्याच्या खात्यावर सगळ्यांचे मृत्यू जमा होतात. म्हणून नुसत्या आकड्यावरून "इथं माणसं मरतात" असं ठरवू नका.

पण याची दुसरी बाजूही आहे, आणि ती रुग्णालयानं ऐकायला हवी. "पेशंट शेवटच्या अवस्थेत आला होता" हे उत्तर देण्याचा अधिकार त्यालाच आहे जो आपली आकडेवारी उघड करतो. महिन्याला किती पेशंट बाहेरून आले, कुठून आले, आल्यावर किती तासांत गेले, बाळांची वजनं काय होती, त्यातली किती बाळं याच रुग्णालयात जन्मली होती आणि किती बाहेरची, हे सगळं रजिस्टरमध्ये असतं. मातामृत्यू आणि बालमृत्यूचं तर अन्वेषण करणं बंधनकारक आहे. ते बंद दाराआड होतं आणि फायलीत जातं. नावं झाकून ही माहिती दर महिन्याला दर्शनी भागात लावली, तर झाडू घेऊन कुणाला यावं लागणार नाही.

प्रवासाआधीचं इंजेक्शन

सार्वजनिक आरोग्यशास्त्रात 'तीन उशीर' म्हणून एक गोष्ट शिकवतात. दवाखान्यात जायचं ठरवायला झालेला उशीर, पोहोचायला झालेला उशीर आणि पोहोचल्यावर उपचार मिळायला झालेला उशीर. चर्चा फक्त तिसऱ्याची होते, कारण तिथं कॅमेरा पोहोचतो. पहिले दोन उशीर घरात, रस्त्यावर आणि छोट्या दवाखान्यात होतात.

मला तर त्यात चौथा धरावासा वाटतो: पाठवताना न दिलेलं इंजेक्शन. हा भाग जरा नीट वाचा, कारण वेळ आली तर तुम्हीच हा प्रश्न विचारायचा आहे.

गरोदर बाईला सातव्या-आठव्या महिन्यात कळा सुरू झाल्या, तर बाळाची फुप्फुसं अजून कच्ची असतात. फुप्फुसातले बारीक फुगे उघडे ठेवणारा एक साबणासारखा पदार्थ तोवर पुरेसा तयार झालेला नसतो, म्हणून असं बाळ जन्मल्यावर दम टाकतं. आईला डेक्सामेथासोनसारखं स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं तर ही फुप्फुसं लवकर तयार होतात. हे इंजेक्शन महाग नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतं, आणि २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान अशा कळा आल्या तर पहिला डोस देऊनच पुढे पाठवावं अशा सरकारी सूचना आहेत. त्याचा पूर्ण गुण यायला साधारण एक दिवस लागतो. म्हणून ते विष्णुपुरीला पोहोचल्यावर देण्यापेक्षा निघताना देणं कितीतरी चांगलं. मोठ्या रुग्णालयाच्या नवजात विभागात जे बाळ चार दिवस मशीनवर झगडतं, त्याचं नशीब कधी कधी तालुक्याच्या गावात, या एका इंजेक्शनपाशीच ठरलेलं असतं.

तसंच झटक्यांचं. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके आले तर मॅग्नेशियम सल्फेट हे औषध आहे. पहिला डोस जवळच्या केंद्रात देता येतो. तो न देता झटके येणाऱ्या बाईला जीपमध्ये टाकून ऐंशी किलोमीटर न्यायचं, यात आई आणि बाळ दोघांचाही जीव धोक्यात जातो.

सर्पदंशाचंही तेच, आणि आपल्या भागात पावसाळ्यात हा रोजचा प्रश्न आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकच लस चालते, तिला आपण सापाची लस म्हणतो. ती ग्रामीण रुग्णालयात असते. विषाची लक्षणं दिसत असतील तर आठ-दहा कुप्यांचा पहिला डोस तिथंच सुरू व्हायला हवा. घोणस चावली असेल तर रक्त गोठत नाही. हे ओळखायला मोठी लॅब लागत नाही. कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, गोठलं नाही तर विष चढलं आहे. मण्यार बहुतेक वेळा रात्री झोपेत चावते, दुखत नाही, जखमही दिसत नाही. सकाळी पोट दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं. अशा पेशंटचा श्वास रस्त्यात बंद पडू शकतो, म्हणून सोबत हातानं श्वास देणारी पिशवी आणि ती दाबणारा माणूस असलेली रुग्णवाहिकाच हवी. १०८ ला फोन करा, शेजाऱ्याच्या गाडीची वाट बघत बसू नका. आणि मांत्रिकाकडे गेलेला एक तास कुठल्याच प्राध्यापकाला परत आणता येत नाही.

फवारणीचं औषध पोटात गेलं असेल तर उलटी करवू नका, मीठ-पाणी पाजू नका, आणि औषधाची बाटली बरोबर घ्या. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण बाटली भांडणात कुणीतरी फेकून दिलेली असते आणि डॉक्टरला वासावरून अंदाज करावा लागतो. काही कीटकनाशकांना अ‍ॅट्रोपिन हे उतारा आहे, ते लगेच सुरू होऊ शकतं. काही तणनाशकांना उताराच नाही. कुठलं औषध होतं यावर सगळं अवलंबून असतं.

कमी वजनाच्या बाळाबद्दल एकच सांगतो. आईचं पोट हे सगळ्यात चांगलं इन्क्युबेटर आहे. दिवस भरायच्या आधी कळा, जुळं, आधीचं बाळ दगावलेलं, रक्तदाब, रक्त फार कमी, अशी जोखीम असेल तर बाळंतपणानंतर बाळाला हलवण्यापेक्षा बाळंतपणाआधी आईला हलवा. आणि बाळ जन्मून गेलंच असेल तर ते गार पडू देऊ नका. थंडीनं दीड किलोच्या बाळाची साखर उतरते, श्वास बिघडतो. डोक्याला टोपी, अंगाला अंग लावून आईच्या किंवा घरातल्या कुणाच्याही उघड्या छातीवर, वरून पांघरूण. टॉवेलात गुंडाळून मोटारसायकलवर आणलेलं बाळ रुग्णालयात पोहोचतं तेव्हा हाताला दगडासारखं गार लागतं. पुढे ते गेलं तर कागदावर 'कमी वजन' लिहिलं जातं, थंडी कुठंच लिहिली जात नाही.

खाटा त्याच, पाटी नवी

आता सरकारकडे वळू. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले: शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण. त्यातल्या दोघांची नावं इथल्या दोन्ही सरकारी महाविद्यालयांच्या पाट्यांवर आहेत. नावं मोठी आहेत, तेव्हा औषधं आणि माणसंही तेवढ्या तोलाची मागण्याचा आपल्याला हक्क आहे.

मराठवाड्याला वैद्यकीय महाविद्यालयं फार सावकाश मिळाली. औरंगाबादचं १९५६ चं, आपण त्याला घाटी म्हणतो. अंबाजोगाईचं सत्तरच्या दशकातलं, मग नांदेड. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा लातूरला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय नव्हतं, ते २००२ मध्ये आलं. त्यानंतर वीस वर्षं शांतता, आणि मग एकदम घाई: २०२२ ला धाराशिव, २०२३ ला परभणी, २०२४ ला जालना आणि हिंगोली. आज आठही जिल्ह्यांत सरकारी महाविद्यालय आहे. ऐकायला छान वाटतं, आणि मुलांना जागा मिळाल्या हे चांगलंच झालं.

पण पेशंटच्या बाजूनं बघा. आपल्याकडे सरकारी दवाखाने दोन खात्यांत वाटलेले आहेत. प्राथमिक केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय हे आरोग्य खात्याचं. वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय हे वैद्यकीय शिक्षण खात्याचं. सचिव वेगळे, बजेट वेगळं. नवीन महाविद्यालय काढायचं ठरलं की बहुतेक वेळा जिल्हा रुग्णालय त्याला जोडून दिलं जातं. म्हणजे खाटा त्याच राहतात, पाटी बदलते, आणि मधली पायरी नाहीशी होते. लातूरला हेच झालं. जिल्हा रुग्णालय महाविद्यालयात गेलं, आणि वेगळं जिल्हा रुग्णालय द्या म्हणून लातूरकर त्यानंतर वर्षानुवर्षं मागणी करत राहिले. साध्या ॲपेंडिक्सचा, साध्या बाळंतपणाचा पेशंटही मग महाविद्यालयातच येतो, आणि जिथं अवघड पेशंटला खाट हवी तिथं साधा पेशंट खाटेवर आणि अवघड पेशंट खाली गादीवर असतो.

शिवाय नव्या महाविद्यालयाला शिक्षक दाखवावे लागतात. ते जुन्या महाविद्यालयांतून प्रतिनियुक्तीवर हलवले जातात. एका घोंगडीत दोघांना झाकायचं म्हटलं की एकाचे पाय उघडे पडणारच.

औषधांचं तर विचारू नका. सरकारी खरेदी काही वर्षं हाफकिन महामंडळाकडे होती, ती रखडते म्हणून ओरड झाली, मग २०२३ मध्ये कायदा करून वेगळं खरेदी प्राधिकरण निर्माण केलं. जुनी व्यवस्था मोडायची आणि नवी नीट सुरू व्हायच्या आधीच पेशंटला तिच्या भरवशावर सोडायचं, हा उद्योग मंत्रालयात होतो आणि त्याची शिवी खायची वेळ वॉर्डातल्या पंचविशीतल्या निवासी डॉक्टरवर येते. त्याच्या हातात फक्त बाहेरची चिठ्ठी लिहिणं असतं. "सरकारीत सगळं बाहेरून आणायला लावतात" ही तुमची तक्रार शंभर टक्के खरी आहे. फक्त ती ज्याच्या कॉलरला धरून करता, तो माणूस चुकीचा असतो.

आणि लातूरबद्दल एक बोलल्याशिवाय राहवत नाही. लातूर पॅटर्नचं नाव सगळ्या महाराष्ट्रात आहे. दरवर्षी हजारो मुलं डॉक्टर व्हायला तिथं शिकवणीला येतात, आईबाप शेत गहाण टाकून खोली करून देतात. मराठवाड्यातल्या मुलांवर अन्याय करणारा वैद्यकीय प्रवेशाचा ७०:३० चा प्रादेशिक कोटा रद्द व्हावा म्हणून आपण किती भांडलो, आणि २०२० मध्ये तो रद्दही झाला. डॉक्टर घडवायची एवढी हौस असलेल्या या पट्ट्यात, त्याच डॉक्टरांनी नंतर विष्णुपुरीत सहायक प्राध्यापक म्हणून राहावं यासाठी मात्र कुणी भांडल्याचं मला आठवत नाही. कंत्राटी नेमणूक, दर काही महिन्यांनी मुदतवाढीची वाट, राहायला धड घर नाही. हुशार मुलगा दोन वर्षं काढतो आणि पुण्याची गाडी पकडतो. त्याला नावं ठेवून उपयोग नाही.

तिथं गेल्यावर

एवढं सगळं असूनही मी पेशंटला तिथं का पाठवतो? कारण रात्री दोन वाजता व्हेंटिलेटर, रक्तपेढी, भूलतज्ज्ञ, डायलिसिस आणि बालरोगतज्ज्ञ एका आवारात, पैसे न विचारता मिळण्याची शक्यता असलेली दुसरी जागा या भागात नाही. मण्यार चावलेला, श्वास थांबलेला शेतकरी आठवडाभर मशीनवर ठेवून चालत घरी पाठवणं हे याच रुग्णालयांत होतं. ती बातमी होत नाही.

तिथं गोंधळून न जाण्यासाठी काही गोष्टी माहीत असू द्या. महाविद्यालयाच्या रुग्णालयात प्रत्येक विभागाची युनिटं असतात, म्हणजे एका प्राध्यापकाच्या हाताखाली डॉक्टरांचा एक गट. प्रत्येक युनिटचा ओपीडीचा आणि इमर्जन्सीचा वार ठरलेला असतो. तुम्ही ज्या वारी दाखल झालात, त्या युनिटचे तुम्ही पेशंट. युनिटचं नाव आणि प्रमुखांचं नाव केसपेपरवरून लिहून घ्या. "डॉक्टर कुठं आहेत?" असं ओरडण्यापेक्षा "मेडिसिनच्या अमुक युनिटचे निवासी डॉक्टर कोण आहेत?" असं विचारलं की उत्तर लवकर मिळतं. तुम्हाला आधी तपासणारा इंटर्न असतो, मग पदव्युत्तर शिक्षण घेणारा निवासी डॉक्टर, आणि सकाळच्या राउंडला वरिष्ठ येतात. प्रकृतीबद्दल नीट बोलायचं असेल तर घरातला एकच समजूतदार माणूस या राउंडच्या वेळी हजर ठेवा. वीस जणांना कुणीच काही समजावून सांगू शकत नाही.

सर्पदंश, विषबाधा, अपघात, जळीत अशा पेशंटची एमएलसी, म्हणजे पोलिसांकडे नोंद होते. याचा अर्थ तुमच्यावर केस झाली असा नाही. या भीतीनं लोक विष प्यायलेल्या माणसाला "जुलाब होताहेत" म्हणून आणतात आणि उतारा देण्याची वेळ निघून जाते. खरं सांगा. पुढे सरकारी किंवा विम्याची मदत मागायची वेळ आली तर हाच कागद उपयोगी पडतो.

रेशनकार्ड आणि आधारकार्ड घराबाहेर पडतानाच पिशवीत टाका. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे आरोग्यमित्र रुग्णालयातच बसतात, पहिल्याच दिवशी त्यांच्याकडे जा, सुट्टी व्हायच्या दिवशी नव्हे. साधा ताप, खोकला, बीपीच्या गोळ्या यासाठी मात्र विष्णुपुरीची रांग वाढवू नका, ते तुमच्या गावच्या केंद्रात किंवा आमच्यासारख्यांकडे होतं. पण छातीत दुखणं, अर्धांग, न थांबणारा रक्तस्राव, अवघड बाळंतपण, साप, विष आणि दम लागलेलं बाळ यात "आधी खाजगीत दोन दिवस बघू" हा विचार करू नका.

आणि तुम्हाला कुणीही, अगदी मीसुद्धा, पुढे पाठवत असलो तर हातात चिठ्ठी घेतल्याशिवाय उठू नका. तिच्यावर चार गोष्टी आहेत का बघा: आजाराचा अंदाज, पाठवतानाची नाडी-रक्तदाब-श्वास, दिलेली औषधं त्यांच्या वेळेसकट, आणि पाठवणाऱ्याचा फोन नंबर. "जाण्याआधी काही इंजेक्शन द्यायला हवं का?" हे विचारा. "तिथं फोन करून कळवलंत का?" हेही विचारा. डॉक्टर थोडे चिडतील, चिडू द्या. चिठ्ठीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कारण मूळ कागद अपघात विभागात पहिल्या पाच मिनिटांतच कुणाच्या तरी हातात जातो आणि वॉर्डातला डॉक्टर तुम्हाला पुन्हा पहिल्यापासून सगळं विचारतो.